एका वेढ्याचा दोष



इतिहास, वाङ्मय, अर्थकारण हे विषय या व्यासपीठाला नित्याचे आहेत. तारेच्या वेढ्यांवर येथे कोणी बोलल्याचे आम्हांस स्मरत नाही. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला. कारण ज्या लहानशा वस्तूविषयी बोलावयाचे आहे ती आपणां प्रत्येकाच्या घरी आहे. मोबाइलचा चार्जर, लॅपटॉपचा ॲडॉप्टर, टीव्ही, संगणक यांच्या पोटात बोटाच्या पेराएवढे किंवा फार तर मुठीएवढे एक रोहित्र, म्हणजे ट्रान्स्फॉर्मर, बसलेले असते. त्याच्या गुंडाळीत दोष शिरला तर तो कसा ओळखावा, आणि ओळखल्यावर काय करावे व काय करू नये, एवढाच आजचा विषय.

प्रथम एक प्रसंग सांगतो. त्यात चूक आमचीच झाली होती, म्हणून तो सांगण्यास संकोच नाही.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात एक वृद्ध आजी आहेत. झोपेत श्वासमार्ग मिटू नये म्हणून दाबाने हवा पुरविणारे यंत्र त्या रात्री लावतात. त्या यंत्राचा २४ व्होल्टचा ॲडॉप्टर बंद पडला. गल्लीतल्या कारागिराने तो उघडला, जळालेला मॉस्फेट बदलला आणि ॲडॉप्टर चालू झाला. आठवड्याने पुन्हा तोच प्रकार. दुसरा मॉस्फेटही गेला तेव्हा त्याने आम्हांस बोलावले. "काका, एकदा तुम्ही बघा. मला रोहित्राचा संशय येतो," तो म्हणाला. आम्ही मीटर लावला. पहिल्या गुंडाळीचा रोध ०.७ ओहम आला. "रोहित्र उत्तम आहे," असे आम्ही ठामपणे सांगितले. तिसरा मॉस्फेट बसला. तो चार दिवस चालला आणि पाचव्या रात्री दीड वाजता गेला. आजींची सून उरलेली रात्र त्यांच्या उशाशी जागत बसली.

कारागिराचा संशय खरा होता आणि आमचा निर्वाळा खोटा. असे का झाले ते समजण्यासाठी या पेटीचे काम कसे चालते ते थोडे पाहावे लागेल.

मायकेल फॅरडे याने २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडाच्या एका कड्यावर तारेच्या दोन वेगळ्या गुंडाळ्या घातल्या. एकीतील प्रवाह चालू किंवा बंद केला की दुसरीत क्षणभर वीज खेळते, असे त्याला आढळले. तेच रोहित्राचे मूळ. दोन्ही गुंडाळ्यांचा एकमेकींना स्पर्श नसतो. त्यांच्यामध्ये निरोप्याचे काम चुंबकत्व करते. मात्र ते बदलत राहिले तरच निरोप पोचतो.

आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तन करते. या मंद कंप्रतेवर ६० वॉटचे रोहित्र करावयाचे तर लोखंडी पत्र्यांचा चांगलाच जड गठ्ठा लागतो. जुन्या रेडिओच्या तळाशी तो आपण पाहिला असेल. विहिरीतून दिवसाकाठी ठरावीक पाणी काढावयाचे, आणि खेपा थोड्या असतील, तर घागर मोठी हवी. खेपा हजारपट वाढविल्या तर वाटीनेही काम भागते. स्विचिंग पद्धतीच्या वीजपुरवठ्यात हीच युक्ती आहे. घरातील २३० व्होल्टची वीज प्रथम एकदिश करतात. तिचा दाब सुमारे ३२५ व्होल्ट भरतो. मग मॉस्फेट नावाचे अर्धवाहकाचे दार ती सेकंदाला साठ-सत्तर हजार वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा सोडते व तोडते. इतक्या वेगात साधे लोखंड तापून जाईल. म्हणून येथे फेराइट वापरतात. तोक्योच्या योगोरो कातो आणि ताकेशी ताकेई यांनी १९३० मध्ये शोधलेले हे काळे, चिनी मातीसारखे ठिसूळ द्रव्य आहे. १९७७ साली ॲपल-२ हा घरगुती संगणक निघाला तेव्हा रॉड होल्ट यांनी त्यास असाच हलका वीजपुरवठा दिला. पुढे ही पद्धत घरोघर गेली.

लहान ॲडॉप्टरांत बहुधा 'फ्लायबॅक' नावाची रचना असते. जुन्या टीव्हीच्या पडद्यावर रेघ ओढून झाली की किरण झटकन मागे उडत येई, त्यावरून हे नाव पडले. या रचनेची उत्तम उपमा म्हणजे आपले रहाटगाडगे. गाडगे खाली भरते आणि वर येऊन रिते होते. भरणे व रिते होणे एकाच क्षणी घडत नाही. तसेच येथे मॉस्फेटचे दार उघडे असेतो पहिल्या गुंडाळीतून ऊर्जा रोहित्रात भरते, आणि दार मिटले की ती दुसऱ्या गुंडाळीतून बाहेर पडते. ही ऊर्जा साठते कोठे? बव्हंशी फेराइटच्या दोन तुकड्यांमध्ये मुद्दाम ठेवलेल्या, एका मिलिमीटरहूनही कमी रुंदीच्या फटीत. तेच आपले गाडगे.

आता आजींच्या ॲडॉप्टरचे हिशेब मांडू. ते ढोबळ आहेत, पण प्रकृती दाखविण्यास पुरेसे आहेत. कंप्रता सेकंदाला ६५,०००. पहिल्या गुंडाळीचे वेढे ६०, दुसरीचे १४. पहिलीची प्रवर्तकता ६०० मायक्रोहेन्री. प्रवर्तकता म्हणजे प्रवाह एकदम वाढू न देण्याचा गुंडाळीचा स्वभाव. दार उघडले की ३२५ व्होल्टच्या दाबाखाली प्रवाह हळूहळू चढतो आणि सुमारे साडेतीन मायक्रोसेकंदांत १.९ अँपिअरवर पोचतो. तेथे नियंत्रक दार मिटतो. मिटलेल्या दारावर ३२५ व्होल्ट, त्यात दुसऱ्या बाजूकडून परतलेले शंभरावर व्होल्ट, आणि शिवाय एक क्षणिक धक्का, असा भार पडतो. धक्का कशाचा? पहिल्या गुंडाळीचे जे थोडे चुंबकत्व दुसरीपर्यंत पोचतच नाही, त्यातील ऊर्जेस जाण्यास वाट नसते. ती मॉस्फेटवर आदळते. तिला जिरविण्यासाठी शेजारी एक रोधक, एक कंडेन्सर आणि एक डायोड असतो. या रोधकाकडे पुन्हा वळावयाचे आहे, तो ध्यानात ठेवा.

गुंडाळीत दोष येतात ते मुख्यतः पाच प्रकारचे. काहींची ओळख सोपी आहे, ते चटकन उरकू.

पहिला, तार तुटणे. ती बहुधा पायाच्या डाकाशी तुटते. साधा मीटर हे लगेच सांगतो.

दुसरा, गुंडाळी उलटी जोडली जाणे. नकाशात प्रत्येक गुंडाळीच्या एका टोकाशी ठिपका काढलेला असतो. तो चुकला तर रहाटाचे गाडगे भरतानाच सांडू लागते, आणि प्रवाहास आवर राहत नाही. हा दोष कारखान्यातून आलेल्या मालात क्वचित, हाताने पुन्हा गुंडाळलेल्या रोहित्रात वारंवार आढळतो. दोन गुंडाळ्या एकापुढे एक जोडून एकीस लहानसा उलटसुलट दाब द्यावा. एकत्रित दाब बेरजेचा आला की वजाबाकीचा, यावरून दिशा कळते.

तिसरा, फेराइटचा. रोहित्र पडले किंवा उपसताना ओढले की फेराइट तडकते. फट वाढली तर प्रवर्तकता उतरते. डिंक लावून जोडताना फट बुजली तर ती अनेक पटींनी वाढते, आणि अजाण कारागीर त्यावर समाधान मानतो. पण फट बुजली म्हणजे गाडगे लहान झाले. फेराइट थोड्याशा प्रवाहानेच चुंबकत्वाने तुडुंब भरते, आणि मग प्रवाह चढण न चढता उसळी मारतो.

चौथा दोष एक वेढा आपल्याच शेजाऱ्याशी मिटण्याचा, आणि पाचवा पहिल्या व दुसऱ्या गुंडाळीमधली भिंत ढासळण्याचा. हे दोन खरे कपटी. त्यांच्यापाशी थांबले पाहिजे.

तांब्याच्या तारेवर इनॅमलचा पातळ लेप असतो. आमच्या रोहित्रात प्रत्येक वेढ्यावर ३२५ भागिले ६०, म्हणजे सुमारे साडेपाच व्होल्टच पडतात. शेजारच्या दोन वेढ्यांना हा लेप सहज पुरतो. पण गुंडाळी थरावर थर अशी असते, आणि आतली तार बाहेर पायाकडे येताना दुसऱ्या वेढ्यांवरून ओलांडून येते. तेथे तार ताणली गेली असेल, लेप खरवडला असेल, किंवा उष्णतेने करपला असेल, तर तांबे तांब्यास टेकते. तो मिटलेला वेढा म्हणजे कोणी न मागितलेली तिसरी गुंडाळी, आणि तिची टोके एकमेकांस जोडलेली. ती मोठा प्रवाह स्वतःच्या अंगात फिरवते, तापते, आणि शेजारचा लेपही करपवते. पहिल्या गुंडाळीची प्रवर्तकता ढासळते. प्रवाह साडेतीनऐवजी अर्ध्या मायक्रोसेकंदातच मर्यादेवर पोचतो. नियंत्रक दार लगेच मिटतो, दाब उभा राहत नाही, तो पुन्हा प्रयत्न करतो. पेटीतून टिकटिक ऐकू येते. जी ऊर्जा दुसऱ्या बाजूस जावयाची ती धक्का जिरविणाऱ्या रोधकावर येते. तो काळा पडतो, आणि एके दिवशी मॉस्फेट मरतो. मॉस्फेट मेलेला सापडतो म्हणून रोगी तोच, असे आपण समजतो. आजींच्या पेटीतला रोधक पहिल्या दिवसापासून काळवंडलेला होता. तो आम्ही पाहिला होता, आणि "जुना झाला" म्हणून सोडून दिला होता.

आता मीटरचे पाहा. ६० वेढ्यांचा एकूण रोध ०.७ ओहमच्या आसपास, म्हणजे एका वेढ्याचा सुमारे १२ सहस्रांश ओहम. एक वेढा मिटला तर मीटरवर एवढाच फरक पडावयाचा! मीटरच्या दोन दोऱ्यांचाच रोध त्याच्या दहापट असतो. तांब्याचा रोध उष्णतेने दर अंशास सुमारे ०.४ टक्के वाढतो; तेव्हा हा फरक खोली चार अंशांनी तापली तरी झाकून जातो. साधा मीटर तार अखंड आहे एवढेच सांगतो. ती जेथे टेकावयास नको तेथे टेकली आहे काय, हा प्रश्न आम्ही त्यास विचारलाच नव्हता. उत्तर मात्र त्याच प्रश्नाचे समजून घेतले.

हा उन्हाळ्याचा हंगाम आहे. आपणांपैकी पुष्कळांनी या पंधरवड्यात माठ घेतला असेल. माठ घेताना आपण तो तोलून पाहतो काय? बोटाच्या पेराने टिचकी मारतो. सलग माठ खणखणतो, चिरलेला भद्द वाजतो. रोहित्राचीही परीक्षा टिचकीने करावी. गुंडाळीला एक कंडेन्सर जोडून विजेचा लहानसा झटका द्यावयाचा आणि दाब किती हेलकावे खाऊन शांत होतो ते मोजावयाचे. निरोगी रोहित्र दहा-वीस हेलकावे सहज खाते. वेढा मिटलेला असेल तर ते दोन-तीन हेलकाव्यांतच गप्प बसते, कारण तो वेढा सारी ऊर्जा गिळतो. टीव्ही दुरुस्त करणारे जुने कारागीर ही परीक्षा चांगली जाणत. दोन पथ्ये पाळावीत. रोहित्र पाटीवरून काढून मगच तपासावे, कारण शेजारचे डायोडही ऊर्जा गिळतात. आणि शक्य तर त्याच नमुन्याचे एक निरोगी रोहित्र शेजारी ठेवून तुलना करावी.

दुसरी परीक्षा प्रवर्तकता मोजण्याची, आणि येथे आमची दुसरी चूक झाली. तिसरा मॉस्फेट गेल्यावर आम्ही प्रवर्तकतेचा मीटर आणला. सुदैवाने कारागिराच्या भंगाराच्या पेटीत त्याच नमुन्याचा, पण अन्य कारणाने निकामी झालेला एक ॲडॉप्टर निघाला. त्याच्या रोहित्राची प्रवर्तकता ६००. आजींच्या रोहित्राची ५९६. शंभरात एकाचाही फरक नाही! आम्ही पुन्हा रोहित्रास निर्दोष ठरविणार, तोच कारागिराने विचारले, "पण काका, हा मीटर मोजतो किती कंप्रतेवर?" मीटर १ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला हजार आवर्तनांवर मोजत होता. यंत्र चालते पासष्ट हजारांवर.

मंद कंप्रतेवर त्या मिटलेल्या वेढ्यात जो दाब उपजतो तो इतका क्षीण असतो की त्याचा स्वतःचा १२ सहस्रांश ओहमचा रोधच त्यास पुरून उरतो. वेढा मिटलेला असूनही निष्क्रिय राहतो. कंप्रता वाढवावी तसा तो जागा होतो. एका ओळखीच्या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत आम्ही दोन्ही रोहित्रे नेली. १० किलोहर्ट्झवर आजींच्या रोहित्राची प्रवर्तकता ३७०च्या आसपास आली, आणि १०० किलोहर्ट्झवर ७५ सुद्धा भरेना. निरोगी रोहित्र तिन्ही वेळा ६००च्या जवळच राहिले. मग फेराइट तापवून सोडविले आणि गुंडाळी उलगडली. पायाकडे येणारी तार जेथे खालच्या थरावरून ओलांडत होती, तेथे मोहरीएवढा काळा डाग होता. थंड असता ती जागा कधी टेकत असे, कधी नसे. पेटी तापली की टेके. तिसरा मॉस्फेट चार दिवस जगला तो यामुळे.

यावरून तपासाचा क्रम असा ठरतो. प्रथम डोळे आणि नाक यांचा उपयोग करावा. काळा रोधक आणि करपट वास ही साक्ष आहे. मग तार अखंड आहे काय ते मीटरने पाहावे, परंतु त्यावरून एवढेच ठरवावे. मग टिचकीची परीक्षा. मग यंत्राच्या चालत्या कंप्रतेजवळ प्रवर्तकता मोजावी, एकदा दुसरी गुंडाळी मोकळी ठेवून आणि एकदा तिची टोके जुळवून. निरोगी रोहित्रात दुसऱ्या वेळचा आकडा पहिल्याच्या शेकडा दोन-चारच असतो. दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आले, तर आत कोठेतरी वेढा आधीच मिटलेला आहे. पेटी प्रथम चालू करताना वाटेत शंभर वॉटचा जुना तारेचा दिवा जोडावा. तो क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लखलखत राहिला तर दोष अजून आत आहे, आणि निदान नवा मॉस्फेट तरी वाचतो. हे सर्व जाणत्या कारागिरासाठी आहे. श्रोत्यांपैकी कोणी घरी जाऊन पेटी उघडू नये. खटका बंद केल्यावरही आतल्या कंडेन्सरात ३२५ व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात.

आता शेवटचा, पाचवा दोष. दोष सापडल्यावर कारागीर उत्साहाने म्हणाला, "काका, आता गुंडाळी मीच भरून देतो. दोनशे रुपयांत काम होईल." त्याचा हात कसबी आहे, त्याने भरलेले रोहित्र चालले असते. दाब बरोबर आला असता, टिचकीत ते खणखणले असते, प्रवर्तकता ६०० भरली असती. तरीही आम्ही नको म्हटले. आपल्या चार्जरच्या एका बाजूस भिंतीतील वीज आहे आणि दुसऱ्या बाजूस आपली बोटे. मध्ये आहे ती या दोन गुंडाळ्यांमधली भिंत. कारखान्यात ती काळजीपूर्वक बांधतात. मध्ये पट्टीचे तीन थर, कडेला काही मिलिमीटर मोकळी जागा, किंवा दुसऱ्या गुंडाळीस तिहेरी वेष्टनाची तार. मग दोन बाजूंमध्ये ३,००० व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब लावून ती कसोटीस उतरवितात. दुकानातील टेबलावर साधी तार आणि साधी पट्टी वापरून भरलेल्या गुंडाळीत ही भिंत कच्ची राहिली, तरी पेटी उत्तम चालते. तिचे अपुरेपण वर सांगितलेल्या कोणत्याही परीक्षेत दिसत नाही. ते एखाद्या दमट रात्री, माणूस यंत्राला हात लावील तेव्हाच दिसते.

येथे एका शंकेचे निरसन करतो. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की कधी मुंग्या आल्यासारखे होते. ते बहुधा भिंत फुटल्यामुळे नसते. विद्युत्‌गोंगाट शमविण्यासाठी दोन बाजूंमध्ये एक विशिष्ट लहान कंडेन्सर मुद्दाम ठेवलेला असतो. त्यातून मिलिअँपिअरच्या अंशाएवढा प्रवाह झिरपतो. जमिनीशी जोडणारी तिसरी खुंटी नीट असेल तर तोही जाणवत नाही. पण मुंग्यांऐवजी झटका बसला, तर तो चार्जर त्याच दिवशी टाकावा. चार्जर घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीचे चिन्ह पाहावे. बाहेरून सारखेच दिसणाऱ्या दोन चार्जरांत किमतीचा जो फरक असतो, त्यातला बराचसा या न दिसणाऱ्या भिंतीचा असतो.

आजींच्या यंत्रास आम्ही उत्पादकाचाच नवा ॲडॉप्टर आणावयास सांगितले, आणि पहिल्या भेटीतच हे न सांगितल्याबद्दल त्यांच्या सुनेची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "अहो काका, तुम्ही तरी काय करणार, मीटरच तसा दाखवीत होता." आम्ही त्यांना तेव्हा उत्तर दिले नाही, ते आज देतो. मीटरने दाखविले ते खरेच होते. जे यंत्र तापून, भाराखाली, पासष्ट हजारांच्या वेगाने चालते, त्याची परीक्षा थंड, निवांत स्थितीत घेऊन आम्ही निकाल दिला. परीक्षा कोणत्या स्थितीत घेतली ते न पाहता निकालावर भिस्त ठेवली, ही चूक आमची.

त्या करपलेल्या वेढ्याचा तुकडा आम्ही जपून ठेवला आहे. सभेनंतर ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी अवश्य यावे. भिंग आणले आहे; त्यावाचून तो डाग दिसत नाही.